अजून न आलेलं दुखणं

बीड जिल्ह्यातल्या आष्टी, कडा, धानोरा या पट्ट्यात मुतखडा बहुतेक वेळा दुसरंच काही शोधताना सापडतो. पित्ताचा त्रास, पाळीची तक्रार किंवा धरलेली कंबर म्हणून कुणी सोनोग्राफी करून घेतं आणि रिपोर्टात भलतीच ओळ निघते: उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात चार मिलिमीटरचा खडा. त्याखाली आणखी एक ओळ असते, ती सहसा कुणी वाचत नाही. मूत्रपिंडाला सूज नाही, लघवीच्या वाटेत अडथळा नाही. डॉक्टर म्हणतात, ‘सध्या काही करायचं नाही. पाणी भरपूर प्या, काही महिन्यांनी पुन्हा बघू.’ पेशंट बाहेर येतो तो नाराज होऊनच. सुई नाही, सलाईन नाही, चिठ्ठीवर धड तीन गोळ्याही नाहीत. मग घरात ठरतं, नगरला नेऊन दाखवू.

या नाराजीच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. खडा आज दुखत नाही. वाढेल की तसाच राहील, सांगता येत नाही. उद्या सरकला तर जमिनीवर लोळवेल, नाही सरकला तर चितेपर्यंत सोबत येईल. अशा गोष्टीला दुःख म्हणायचं का? पतंजलीने योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात यावर एका ओळीत निकाल दिला आहे आणि व्यासभाष्याने तो उलगडला आहे. झालेलं दुःख भोगून संपलं, चालू असलेलं या क्षणी भोगलंच जातंय, तेव्हा टाळण्यासारखं उरतं ते फक्त अजून न आलेलं. अडथळा न करणारा खडा हे अशा दुःखाचं मिलिमीटरमध्ये मोजता येणारं उदाहरण आहे. गोंधळ होतो तो ‘टाळणं’ म्हणजे नेमकं काय करणं, इथे.

आधी तो खडा बघू. लघवीत विरघळलेले क्षार पाणी कमी पडलं की स्फटिक होऊन बसतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, काही युरिक आम्लाचे, काही जंतुसंसर्गातून झालेले. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. खडा कप्प्यात पडून असतो तेव्हा लघवी त्याच्या बाजूने निघून जाते. तो नळीत उतरून अडकला, की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड आतून ताणलं जातं आणि ती प्रसिद्ध कळ येते. कळ प्रामुख्याने तुंबण्याची असते. म्हणून दहा मिलिमीटरचा खडा वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि तिळाएवढा खडा रात्री दोनला गाडी काढायला लावतो. काहींना कप्प्यातल्या खड्यानेही कुशीत दुखतं, हे खरं. पण उसाच्या मोळ्या वाहून मोडलेल्या कंबरेचा दोष खड्यावर टाकण्याची घाई आपल्याकडे फार आहे. त्यातही सोनोग्राफीत बारीक खडा कधी दिसतच नाही, तर कधी असतो त्याहून मोठा दिसतो.

सुश्रुताला हा प्रश्न उलट्या बाजूने पडला होता. त्याच्या काळी खडा कळायचा तो दुखून, आणि शस्त्र चालायचं ते मूत्राशयातल्या खड्यावर. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात तो सांगतो, की अश्मरी कोवळी असेल तर औषध द्यावं, वाढलेली असेल तर छेद घ्यावा. शस्त्र न केलं तर मरण निश्चित, केलं तर शंका; म्हणून वैद्याने आधी राजाची परवानगी घ्यावी. ग्रीकांच्या हिपोक्रेटिक शपथेत तर वैद्य खड्यासाठी शस्त्र न धरण्याचं वचन देतो. दोन्हीकडे चाकू काढण्याआधी थांबायची जागा राखलेली होती. आज सोनोग्राफी न दुखणारा खडाही दाखवते, आणि ती जागा नेमकी या खड्यासाठी लागते.

आष्टीकडचा जुना माणूस मात्र राजाला नाही, नशिबाला विचारतो. ‘भोग हाय, भोगल्याबिगर सुटत न्हाई.’ हे वाक्य धीर देतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्रभर कळा सोसणाऱ्याला दुसरं काय द्यायचं? पण कर्मविचार जसा शास्त्रात मांडला आहे तसा वाचला, तर तो हात टेकायला सांगत नाही. वेदान्तात कर्माचे तीन भाग: साठून असलेलं संचित, फळ द्यायला लागलेलं प्रारब्ध आणि आत्ता हातून घडणारं क्रियमाण. कप्प्यात निवांत पडलेला खडा संचिताच्या जागी ठेवून बघावा. नळीत उतरला की प्रारब्ध सुरू, मग सोसणं आणि दवाखाना. आणि क्रियमाण म्हणजे आजचं पाणी. संचिताला प्रारब्ध समजून बसणारा माणूस भोगाच्या नावाखाली आळस करत असतो.

अर्थात हा साचाही एका जागी फाटतो. मुतखडा ज्याला होतो त्याचंच ते कर्म, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला आष्टीतून दसऱ्यानंतर निघणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या ट्रकमागे पाठवावं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत ताडपत्रीची कोपी. दिवस उजाडायच्या आधी फडात जायचं, उन्हं चढली तरी तोड थांबत नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात. पाण्याचा एक कॅन बांधावर, तोही दुपारपर्यंत कोमट. बाईची अडचण वेगळीच: फडात आडोसा नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते. लघवी रोखायची नि तहानही रोखायची. मूत्रपिंडात स्फटिक धरायला याहून सोयीची व्यवस्था कुणी मुद्दाम आखली नसती. या खड्यात क्रियमाण कुणाचं? त्या बाईचं सगळ्यात कमी.

बीड जिल्ह्याने न आलेल्या दुःखाच्या भीतीची किंमतही मोजली आहे. 2019 मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर ओरड झाली, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली; त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पांढरं जाणं, पाळीचा त्रास, साधा संसर्ग यांसाठी आलेल्या बायकांना पुढे कॅन्सर होईल अशी धास्ती घातली गेल्याचं त्यांतल्या अनेकींनी सांगितलं. ‘न आलेलं दुःख टाळावं’ हे सूत्र भीतीच्या हातात पडलं की त्याचं हे असं होतं. अशा जिल्ह्यात ‘सध्या काही करायचं नाही’ म्हणणारा डॉक्टर कंटाळवाणा वाटला, तरी तो जपून ठेवावा.

मग कधीच काढू नये का? विज्ञानही इथे एका सुरात बोलत नाही. ब्रिटनमध्ये लक्षणं नसलेल्या कप्प्यातल्या लहान खड्यांवर आधीच ध्वनिलहरींचा मारा करून पाहिला. 2001 मध्ये आलेल्या निष्कर्षांत नुसतं लक्ष ठेवण्यापेक्षा त्याचा फायदा दिसला नाही. उलट 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत वेगळं निघालं. दुसऱ्या मोठ्या खड्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया होणारच होती, तेव्हा काहींचे शांत लहान खडेही काढून टाकले. त्यांच्यात पुढे त्रास उलटण्याचं प्रमाण 16 टक्के राहिलं, ज्यांचे ठेवले त्यांच्यात 63. म्हणजे दार उघडलंच आहे तर आवरून घ्यावं, पण शांत खड्यासाठी मुद्दाम दार फोडायचं की नाही, हे खड्याचा आकार, जंतुसंसर्ग आणि माणसाचं बाकीचं आयुष्य बघून ठरवावं. एकच मूत्रपिंड असलेला माणूस, मूल व्हायची वाट बघणारी बाई, दवाखान्यापासून दिवसभराच्या अंतरावर महिनोन्‌महिने राहणारा मजूर, यांचं उत्तर नगरच्या दुकानदाराइतकं सोपं नसतं.

खडा ठेवायचं ठरलं तरी त्याची भीती उरतेच. फ्रेंच निबंधकार माँतेन याचे वडील मुतखड्याने गेले आणि त्याला स्वतःलाही चाळिशीनंतर तोच त्रास लागला. ‘अनुभव’ या त्याच्या शेवटच्या निबंधात खडा हा जवळजवळ घरातला माणूस आहे. दुखण्याला भिणारा ते आधीच भोगायला लागतो, असं त्याचं म्हणणं. सोनोग्राफीच्या आधीच्या माणसाला हे म्हणणं सोपं होतं, असा आक्षेप घेता येईल. रिपोर्ट हातात आला की चार मिलिमीटर मनात दहा होतात.

आष्टी तालुक्याकडेच या भीतीचं स्वतःचं उत्तर आहे आणि ते डोंगरावर आहे. सावरगावजवळ मायंबा इथे मच्छिंद्रनाथांची समाधी, शेजारच्या पाटोदा तालुक्यात गहिनीनाथगड. नाथपंथाने देहाला मातीमोल ठरवलं नाही. पिंडातच ब्रह्मांड पाहिलं, श्वास, आहार, झोप यांची शिस्त लावली. याच परंपरेतले ज्ञानेश्वर तेराव्या अध्यायात ज्ञानी माणूस कसा ते सांगताना त्याला तारुण्यातच म्हातारपण आणि रोग डोळ्यांपुढे आणायला लावतात. भिऊन बसण्यासाठी नाही, तर अंगात ताकद आहे तोवर करायचं ते करून घेण्यासाठी. देहाची काळजी घेतली की अध्यात्म कमी पडतं, ही समजूत निदान या डोंगराखाली तरी टिकू नये.

करायचं ते फार नाही. इटलीतल्या एका चाचणीत पहिला खडा झालेल्या 199 जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत पुन्हा खडा 12 टक्क्यांना झाला, बाकीच्यांत 27 टक्क्यांना. दिवसाला अडीच लीटर लघवी व्हावी, असा हिशेब. उन्हात घाम गाळणाऱ्याने तांबे मोजू नयेत, लघवीचा रंग बघावा. पिवळीजर्द असेल तर पाणी कमी पडलं. हृदयाचा किंवा मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार असेल त्याने मात्र विचारूनच प्यावं. मीठ कमी, म्हणजे लोणचं आणि ठेच्यावरचा हात आखडता. लिंबू चांगलं. दूध-ताक बंद करू नये. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, म्हणून ते तोडलं तर नुकसानच. हुलग्याचं कढण प्यायला हरकत नाही, पण खडा विरघळला याचं श्रेय त्याला देऊ नये. कॅल्शियमचा खडा कशानेच विरघळत नाही, युरिक आम्लाचा औषधाने विरघळू शकतो. बिअरचा सल्ला देणारा मित्र प्रत्येक गावात असतो, त्याला त्याच्या खड्याबद्दल विचारावं. वर्षातून एकदा सोनोग्राफी पुरते. ती चुकवू नये, कारण क्वचित खडा न दुखताही वाट अडवतो.

एवढं सांगून झाल्यावर दोन मागण्या उरतात. पहिली कारखान्यांकडे आणि मुकादमांकडे: फडावर सावलीत ठेवलेलं पुरेसं पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी आडोसा, उचल देतानाच ठरवून. दुसरी खडा बाळगणाऱ्याकडे: थंडी वाजून ताप आला आणि कुशीत कळ उठली, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर कढण उकळत बसू नये. अडलेल्या लघवीत जंतू शिरले की मूत्रपिंडच नव्हे, जीवही जातो. त्याच रात्री दवाखाना गाठावा आणि जुना रिपोर्ट सोबत न्यावा.