एक श्वास रोखण्याएवढा वेळ

परवा सकाळी आईला छातीच्या एक्स-रेसाठी जोगेश्वरी पूर्वेला घेऊन गेलो होतो. खोकला आठवडाभर हटत नव्हता. आतल्या मुलाने तिची हनुवटी पाटीवर टेकवली, खांदे पुढे करायला लावले आणि आडोशामागून म्हणाला, "आजी, मोठा श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका." दाराबाहेर मीही नकळत श्वास धरला. पाचेक सेकंद गेली असतील. "सोडा" ऐकू आलं तेव्हा दोघांनीही सोडला.

जवळपास तेवढ्याच वेळात धनू राशीच्या दिशेला, सुमारे 8000 प्रकाशवर्षांवर, एक अख्खा तारा स्वतःभोवती फेरी मारतो. 5.54 सेकंदांत एक. नाव रुक्ष आहे, एक्सटीई जे1810-197. रुंदी 20 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चर्चगेट ते अंधेरी, आणि वस्तुमान मात्र सूर्याहून जास्त. हा मॅग्नेटार, न्यूट्रॉन ताऱ्यांमधला, म्हणजे अशा लहान पण अतिजड ताऱ्यांमधला, सर्वांत चुंबकीय प्रकार. एमआरआयच्या यंत्रातलं चुंबक 1.5 टेस्लाचं असतं. याचं बळ त्याच्या हजार कोटी पटींहून जास्त भरतं. ते चुंबकत्व हळूहळू विरतं आणि विरताना ताऱ्याला तापवतं. पृष्ठभाग लाखो अंशांवर जातो आणि तारा क्ष-किरणांत उजळतो. 2003 साली तो सापडला तोही त्या किरणांमुळेच.

आईच्या बरगड्यांची सावली उमटवणारे हेच किरण. मग आकाशातले आपल्याला इथून टिपता का येत नाहीत? मधे हवा आहे म्हणून. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन 10 मीटर खोल पाण्याएवढं आहे, जणू तीन मजली इमारत बुडेल एवढं पाणी. आईच्या वीतभर छातीतच बहुतेक किरण जिरून जातात, तर इतक्या हवेतून काय पोहोचणार!

म्हणून डोळाच हवेच्या वर न्यावा लागतो. 28 सप्टेंबर 2015 ला भारताचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह 650 किलोमीटर उंचीवर गेला. त्याच्यावरच्या क्ष-किरण दुर्बिणीचे 320 आरसे आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले. सोन्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे. साध्या आरशावर क्ष-किरण समोरून पडला तर परत फिरत नाही, आत घुसतो. पण अगदी तिरका आला तर निसटतो, तळ्यावर तिरका भिरकावलेला चपटा दगड टप्पे घेत जावा तसा. त्या निसटण्यावर सगळी दुर्बीण उभी आहे. जोगेश्वरीहून लोकलने तासाभरात गाठता येईल अशा जागी माणसांनी वर्षानुवर्षं बसून हे जमवलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आणि त्या हवेबद्दल कृतज्ञताही वाटते, ती एका पहाटेमुळे. हिंद महासागरातल्या त्सुनामीला जेमतेम दोन दिवस झाले होते. 28 डिसेंबर 2004, पहाटेचे तीन. एसजीआर 1806-20 नावाचा दुसरा एक मॅग्नेटार भडकला. उपग्रहांवरची यंत्रं दिपून गेली, पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा थर हलला. आपण मुंबईकर झोपेत होतो. तारा तेव्हा आपल्या पायांच्या दिशेला, पृथ्वीच्या पलीकडे होता. जिथे दिवस होता तिथे हवेने त्याच्या किरणांचा मारा वरच्या वर झेलला.

रेडिओ लहरींना मात्र हवा वाट देते. 5.54 सेकंदांचा तो तारा बरीच वर्षं शांत राहून डिसेंबर 2018 मध्ये पुन्हा जागा झाला, तेव्हा नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने त्याचे स्पंद टिपले. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला लोकांसाठी प्रदर्शन भरतं. या वर्षी मुलांना घेऊन नक्की जा.