टेलचं पाणी

जरा स्वस्थ बसा. मनानंच नेपाळमधल्या एका डोंगरउतारावर या. समोरच्या नदीत दगड, माती आणि फांद्या रचून आडवा बांध घातला आहे. त्यानं वळवलेलं पाणी पाटातून शेतांकडे निघालं आहे. बांध कच्चा आहे. पावसाळ्यात तो वाहून जातो, आणि गावकरी तो पुन्हा घालतात.

आधी त्याच्याकडे इंजिनिअरच्या नजरेनं बघा. पाणी कुठे झिरपतंय? दुरुस्तीत दरवर्षी किती माणसांचे किती दिवस जातात? उपाय लगेच सुचतो: सिमेंटचा पक्का बांध. या विचारात खोट नाही. घटकाभर तो तसाच राहू द्या.

आता पाटाच्या कडेनं शेवटच्या वावरापर्यंत चालत जा. आपण ज्याला टेलचा शेतकरी म्हणतो, त्याच्या वावराच्या बांधावर उभे राहा. पाणी इथवर येतं का?

सामायिक साधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या 100 हून अधिक सिंचन व्यवस्थांची माहिती जमवून हेच तपासलं. सरकारी यंत्रणेनं चालवलेल्या कालव्यांपेक्षा शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या पाटांवर टेलला पाणी सरासरीनं जास्त पोचत होतं. तेही बांध बहुधा कच्चे असताना.

‘जुनं ते सोनं’ म्हणायला मन धाव घेईल. त्याला आवरा. काय घडतं ते आकड्यांनी सांगितलं. का घडतं ते अजून कळायचं आहे.

त्यासाठी माणसांत बसा, दुरुस्तीला कोण येतं ते विचारा. कच्च्या बांधाला पुष्कळ हात लागतात. हेडच्या, म्हणजे पाटाच्या सुरुवातीच्या, शेतकऱ्याला टेलवाल्याच्या अंगमेहनतीची गरज असते, आणि टेलवाला कामावर यावा तर त्याची पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. बांध पक्का झाला की ही गरज सरते. गळती थांबते, पण पाणी सोडायला हेडवाल्याला कारणही उरत नाही. बांधाच्या नकाशात ही देवघेव कुठेच दिसत नाही. उलट, नुसतं ऐकून घेतलं तर हेडवाला म्हणेल, ‘सगळ्यांना मिळतं की!’ तिथे पाणी मोजूनच बघावं लागतं.

अजून एक खिडकी उघडा. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात ऑस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी काही लोकांना एक सामायिक साठा वापरायला देत. जो जसा वापरेल, तसे त्याला खरे पैसे मिळत. आपसात बोलायची बंदी असली की लोक साठा ओरबाडत. बोलायची मुभा मिळाली की बराच सांभाळून वापरत. प्रयोगाच्या त्या खोलीत चिखल नव्हता, भावकीतली भांडणंही नव्हती. म्हणूनच बोलण्यानं काय फरक पडतो, एवढंच तिथे वेगळं काढून पाहता आलं. अशा सामायिक साधनांवरच्या कामासाठी ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता मोजणी, बोलणं आणि प्रयोग एकत्र मनात धरा. त्यांची सरासरी काढू नका. तिन्ही एकच सांगत असतील तर पुढे चला. जिथे आकडा एक म्हणतो आणि माणूस दुसरं, तिथे रेंगाळा. एकतर मोजायची जागा चुकली असेल, नाहीतर ज्याला विचारायला हवं होतं तो बैठकीत मागे बसला असेल.

शेवटी आपल्याकडे या. पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठी फड या सामायिक सिंचनाच्या पद्धतीत शेतकऱ्यांनी ठरवून दिल्याप्रमाणे पाटकरी पाणी देत आला. तुमच्या ओळखीचाही एखादा पाट असेल. त्याच्या पक्क्या कामाचा ठराव येईल तेव्हा एवढंच विचारा: हे काम झाल्यावर हेडवाल्याला टेलवाल्याची गरज कशासाठी उरेल? उत्तर सापडलं नाही तर सिमेंट आणण्याआधी पाळीचे नियम आणि ते मोडल्यावरचा दंड ठरवून घ्या. आणि ती बैठक टेलच्या वावरात भरवा.