प्रवासाचीं छायाचित्रें

परदेशच्या दीर्घ प्रवासाहून कोणी परतला म्हणजे त्याच्या घरीं आप्तेष्टांनीं जमावें, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. पूर्वीं तो बोले व इतर ऐकत. आतां तो दाखवितो व इतर पाहतात. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या आणि १८८९ सालीं परत आल्यावर त्यांनीं त्या देशाची लोकस्थिति मराठी वाचकांपुढें ग्रंथरूपानें मांडली. तसें करावयाचें तर पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ आधीं स्वतःशीं लावावा लागतो. आजच्या प्रवाशाला ही तसदी उरली नाहीं. फिल्मच्या एका गुंडाळींत छत्तीस चित्रें मावत, तेव्हां निदान खर्चाच्या भयानें तरी निवड होई. मोबाईलमध्यें हजारों मावतात आणि तीं सगळीं दूरदर्शन-संचाच्या पडद्यावर क्रमानें येतात.

हें दाखविणें म्हणजे आनंद वाटणें कीं मिरविणें? याचें उत्तर दाखविणाराच्या स्वभावांत शोधण्याची आपणांस खोड आहे. आम्हांस मात्र तें चित्राच्या स्वरूपांतच दडलेलें दिसतें. नायगाराचें चित्र प्रवाशाला केवळ एक खूण असते. गार तुषार, बधिर झालेलीं बोटें, शेजारीं उभ्या असलेल्या नातवाचें ओरडणें हें सारें त्या खुणेच्या मागें उभें असतें. पाहणाराला ती खूण हेंच सर्वस्व! म्हणून एकाचे डोळे पाणावत असतां दुसरा जांभई दाबतो, आणि त्यांत अप्रामाणिक कोणीच नसतो.

कित्येक लोक सगळा दोष यंत्राला देतात. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, संग्रहालयांतील ज्या वस्तूंचीं छायाचित्रें लोकांनीं घेतलीं, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंहून कमी आठवल्या. परंतु वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपला, तेव्हां स्मृतीची ही हानि झाली नाहीं. तेव्हां दोष यंत्राचा नसून लक्ष न देण्याचा आहे.

आम्हांस जड वाटणारा प्रश्न याहून निराळा आहे. मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलेलें वृद्ध जोडपें काय दाखवितें? मुलाचें घर, बाग, मोटार, न्यूयॉर्कच्या उंच इमारती. मुलगा-सून कामावर, नातू शाळेंत, बाहेर बर्फ, स्वतःला गाडी चालवितां येत नाहीं, अशा दुपारींचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं. हें असत्य म्हणावें काय? साक्षीदाराला पूर्ण सत्य सांगण्याची शपथ असते. पाहुण्यांना चहा देणाऱ्या यजमानाला ती नसते. मुलाच्या संसाराची शोभा राखण्यासाठीं बाळगलेलें मौन आम्ही असत्यांत गणणार नाहीं.

पण त्याच खोलींत, सांगलीस बेताच्या पगारावर असणाऱ्या मुलाचा बापही बसलेला असतो. तो ती बाग पाहतो आणि मनांतल्या मनांत आपल्या मुलाला उणा ठरवितो. दुसरा कोणी, घर गहाण टाकून एकुलत्या मुलीला तिकडे शिकावयास धाडावें कीं नाहीं या विवंचनेंत असतो. त्यानें जर सरळ विचारलें, “तिकडे खरोखर कसें काय असतें हो?” आणि यजमानानें उत्तरादाखल पुढचें चित्र सरकविलें, तर मात्र मौनाचें असत्य झालें. प्रत्येक चित्र खरें असूनही झालें. विचारीपर्यंत न बोलण्याचा अधिकार यजमानाला आहे. विचारल्यानंतर तो उरत नाहीं, असें आमचें मत आहे. कोणी म्हणेल, चारचौघांत मुलाचें उणें काढावें काय? चारचौघांत नको, जिन्यापर्यंत पोंचवावयास गेलें असतां सांगतां येतें.

कित्येकदां अशा बैठकींत एखादी म्हातारी आत्या मध्येंच विचारते, “दुपारभर दोघें घरांत करीत काय होतां गं?” यजमानीणबाई क्षणभर थबकतात. पडद्यावर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा तसाच उभा राहतो, आणि मग त्या बोलूं लागतात.