सेवक की व्यापारी?



झाशीच्या ईशान्येला, बेतवा नदीच्या काठी एरच नावाचे जुने गाव आहे. बुंदेलखंडात त्याला प्रल्हादाचे गाव मानतात. हिरण्यकशिपूची राजधानी हीच, आणि जवळच्या डिकौलीच्या टेकडीवरून प्रल्हादाला बेतवेत ढकलले, असे तिथले लोक सांगतात. होळी पहिल्यांदा इथेच पेटली असेही ते म्हणतात. असा दावा मुलतानचाही आहे आणि हरदोईचाही, पण त्या वादात आपल्याला पडायचे नाही. प्रल्हादाची कथा ऐकताना आपले सगळे लक्ष खांबाकडे असते. खांब केव्हा दुभंगतो याची वाट पाहता पाहता त्याआधीची शाळा आपण ओलांडून जातो. मला बोलायचे आहे ते त्या शाळेबद्दल.

भागवताच्या सातव्या स्कंधात ती शाळा येते. शुक्राचार्यांचे दोन पुत्र, शंड आणि अमर्क, दैत्यांच्या मुलांना शिकवतात. साम, दाम, दंड, भेद हा तिथला अभ्यासक्रम. दोघेही राजाच्या पगारावर असल्यामुळे मुलगा काय शिकला याचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. एके दिवशी ते घरच्या कामात गुंतलेले असताना मुले प्रल्हादाला खेळायला बोलावतात, आणि तो खेळण्याऐवजी त्यांच्याशी बोलू लागतो.

या वेळी प्रल्हादाची स्थिती काय आहे ते लक्षात घ्या. तो राजपुत्र असला तरी राजाच्या मर्जीतून उतरलेला आहे. हत्ती, साप, विष, कडेलोट हे सगळे त्याच्यावर होऊन गेले आहे. त्याच्याकडे मुलांना द्यायला खाऊ नाही, बढती नाही, संरक्षणही नाही. त्याचे ऐकण्यात कुणाचाही फायदा नव्हता, झाला तर तोटाच होता. तरीही मुलांनी ऐकले. याचा अर्थ त्यांचा होकार खरा होता.

हा प्रसंग आज काढण्याचे कारण असे की, आपल्यातले काही तरुण परदेशी, विशेषतः आफ्रिकेतल्या देशांत, शिकवण्याच्या सेवेसाठी जाऊ इच्छितात. त्यांच्या मनात पहिले प्रश्न येतात ते व्यवहाराचे. भाषा कशी जमेल? जेवणाचे काय? मलेरियाचे काय? या प्रश्नांची उत्तरे सापडतात आणि माणूस रुळतो. स्वाहिलीत पाहुणा आणि परका यांना एकच शब्द आहे, म्गेनी. पाहुण्याला दोन दिवस पाहुणा म्हणून ठेवा आणि तिसऱ्या दिवशी हातात कुदळ द्या, अशी त्यांची म्हण आहे. तिसऱ्या दिवशीच्या पाहुण्याबद्दल आपल्याकडचे मत तर याहून कडक आहे! तिसऱ्या दिवशी कुदळ हातात घेतली की निम्मे प्रश्न सुटतात.

न सुटणारा प्रश्न दुसराच आहे. आपण परक्या गावात जातो तेव्हा आपल्या एका हातात पाटी असते आणि दुसऱ्या हातात बहुधा भाकरी असते. भाकरी म्हणजे औषध, वही, गणवेश, दुपारचे जेवण, कधी शहरातल्या नोकरीची ओळख. पाटीवर आपण अक्षरे लिहितो आणि हळूच आपली श्रद्धाही लिहितो. समोरचे मूल मान डोलावते. ती मान पाटीकडे पाहून डोलते की भाकरीकडे पाहून?

चळवळीच्या साहित्याचा अनुवाद करताना एक गंमत ध्यानात आली. मराठीत आपण दुसऱ्यांच्या माणसाला 'मिशनरी' म्हणतो आणि आपल्या माणसाला 'प्रचारक' किंवा 'सेवाव्रती' म्हणतो. पहिल्या शब्दाला संशयाचा वास आहे, दुसऱ्याला उदबत्तीचा. दोघांचा दिनक्रम मात्र बराचसा सारखाच असतो: पहाटे प्रार्थना, मग शाळा, दुपारी आजाऱ्यांची विचारपूस, संध्याकाळी पुन्हा वर्ग आणि रात्री मुख्यालयाला पत्र. म्हणून आपला प्रश्न आधी दुसऱ्याच्या घरात नेऊन पाहू. तिथे तो अधिक स्पष्ट दिसेल.

त्यासाठी लांब जायला नको. नाशिकचा शरणपूर रोड आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवली. तिथे आफ्रिकन मुलांसाठी एक आश्रयगृह होते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम वाहून नेणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. सुटका झालेली काही मुले मुंबईला उतरवली जात आणि तिथून नाशिकला येत. त्यांना लिहा-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. त्यांना ख्रिस्ती धर्म मिळे आणि नावही नवे मिळे. जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड ही सारी नावे नाशिकच्या या मुलांची आहेत. आईने हाक मारायचे नाव मागे राहिले.

आता या मुलांना कुणी विचारले होते का? विचारले असते तरी आठ-दहा वर्षांचे पोर काय उत्तर देणार? गाव जळालेले, आईबाप दुरावलेले, परतीची वाट नाही. ज्याने साखळी तोडली तोच जेवू घालतो आणि तोच नाव ठेवतो. अशा मुलाच्या होकाराला मी होकार म्हणू शकत नाही. पण लगेच बोट दाखवायलाही माझे मन धजत नाही. साखळी खरोखर तुटली होती. हातात आलेले कसबही खरेच होते. आणि त्या काळी त्यांच्यासाठी दार उघडणारे दुसरे कोण होते, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही विचारावा लागेल.

पुढे यांतलीच काही मुले शिक्षक होऊन आफ्रिकेत गेली. १८६० च्या दशकात जोन्स, सेमलर आणि डेव्हिड हे मोम्बासाजवळच्या राबाई या टेकडीवरच्या गावी गेले. तिथे रेबमान हे जर्मन मिशनरी बरीच वर्षे काम करत होते. वेनराइट १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीला गेलेल्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर चितांबोच्या गावी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थना म्हणणारा आणि झाडाच्या सालीवर नाव कोरणारा हा नाशिकला शिकलेला मुलगा होता. १८७५ च्या सुमारास नाशिकहून आणखी बरेच जण मोम्बासासमोरच्या फ्रेरटाउन या नव्या वस्तीत गेले. तिथे सुटका झालेल्या गुलामांना वसवले जात होते. गुलाम पकडणारे आले तर इशारा देण्यासाठी वस्तीत घंटा होती. त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेची जागा.

या शिक्षकांच्या रोजच्या जगण्याची कल्पना करून पाहा. ते आफ्रिकेत जन्मलेले, पण तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. अंगावर युरोपीय पद्धतीचे कपडे, तोंडी इंग्रजी आणि हिंदुस्थानी. गावातल्या लोकांना ते परके वाटत. गोऱ्या मिशनऱ्यांच्या लेखी ते हाताखालचे होते, पगारात आणि मानातही. स्वतःच्या जन्मभूमीत म्गेनी होऊन त्यांनी शाळा चालवल्या. हे एकटेपण आपण कुणी भोगलेले नाही. आपला स्वयंसेवक दोन वर्षांनी घरी येतो तेव्हा आई स्टेशनवर उभी असते.

राबाईत एक गोष्ट घडली. मोम्बासाच्या किनाऱ्यावर अजून गुलामगिरी कायदेशीर होती. मळ्यांवरून पळालेले गुलाम रात्री-अपरात्री राबाईच्या मिशनकडे येऊ लागले. मालक भडकले. मिशनच्या वरिष्ठांची पंचाईत झाली, कारण पळालेल्यांना ठेवून घेणे हे तिथल्या कायद्याविरुद्ध होते. पण वस्तीचा रोजचा कारभार जोन्स पाहत होते, आणि त्यांच्या काळात पळून आलेले लोक येत राहिले आणि राहत राहिले. शेवटी १८८९ च्या सुरुवातीला ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई देऊन प्रकरण मिटवले. मुक्तीची कागदपत्रे मिळालेल्यांची संख्या १४०० च्या पुढे होती. एका टेकडीवरच्या मिशनच्या मानाने हा आकडा फार मोठा आहे. मधल्या काळात, १८८५ मध्ये, जोन्स आणि सेमलर यांना धर्मगुरूंच्या पहिल्या पायरीची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले. त्यांच्या मागे थांबलेला तांडा जोन्स यांनीच किनाऱ्याकडे परत आणला.

राबाईत शाळा होती, प्रार्थना होती, बाप्तिस्माही होता. त्यामुळे तिथे सगळे निर्मळ होते असे मी म्हणणार नाही. पण रात्री धापा टाकत दाराशी आलेल्या माणसाला आधी दार उघडायचे असते, त्याची श्रद्धा कोणती हे नंतर. ज्याने स्वतः लहानपणी नावासकट सगळे बदलून घेतले, त्याला हा क्रम नेमका कळला असावा असे मला वाटते.

आता पुन्हा प्रल्हादाकडे वळू. नृसिंह प्रसन्न होऊन वर माग म्हणतात, तेव्हा तो नकार देतो. सेवेच्या बदल्यात काही हवे असणारा सेवक नव्हे, तो व्यापारी, असे तो म्हणतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने हा टोला मला थोडा लागला. व्यापाऱ्याच्या बाजूने एवढे सांगायला हवे की तो निदान भाव आधी सांगतो. मालाची किंमत किती, उधारी किती दिवसांची, हे वहीत असते. खरा घोटाळा होतो तो 'देणगी' म्हणून दिलेली रक्कम मनातल्या मनात 'येणे' म्हणून मांडली जाते तेव्हा. घेणाऱ्याला वाटते की मिळाले. देणारा मात्र वसुलीची वाट पाहत असतो. मूल आरतीला आले नाही की त्याच्या कपाळावर आठी उमटते, आणि मुलाला ती बरोबर दिसते. आपण हिशेबात एखाद्याच्या 'नावे' टाकतो तेव्हा त्याच्यावर कर्ज चढते. शरणपूरच्या मुलांच्या बाबतीत या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरले.

यावर आपल्यातलेच एक साधक मला म्हणतील, मग गप्प बसायचे का? जे आपल्या आयुष्यात सर्वांत मोलाचे आहे, ते लपवून नुसते गणित शिकवायचे? हाही एक प्रकारचा खोटेपणाच नाही का? हा आक्षेप मला खरा वाटतो. प्रल्हाद गप्प बसला नव्हता. त्याने मित्रांना आपल्या मनातले सगळे सांगितले, आणि मुक्ती एकट्यासाठी नको, या दीनांना मागे सोडून मी जाणार नाही, असे देवालाही सांगितले. म्हणजे इतरांपर्यंत पोचण्याची तळमळ त्याच्याइतकी कुणाला नसेल. पण त्याने ज्यांना सांगितले त्यांचे ताट त्याच्या हातात नव्हते. आपल्या हातात असते. म्हणून मोकळेपणाने बोलायची जेवढी मुभा त्याला होती तेवढी आपल्याला नाही.

त्यामुळे परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने, आणि इथल्या वस्तीत संध्याकाळचा वर्ग घेणाऱ्यानेही, एक गोष्ट रोज तपासावी असे मला वाटते. आपल्या वर्गात 'नाही' म्हणणारे मूल आहे का? प्रार्थनेच्या वेळी बाहेर अंगणात बसणारे, 'आमच्या घरी दुसरा देव आहे' असे सांगणारे? असेल तर त्याला वही तितक्याच वेळेवर मिळते का? त्याच्या आईला दवाखान्यात न्यायचे झाले तर आपण तितकेच धावतो का? आणि असे एकही मूल नसेल तर सगळ्यांची श्रद्धा जुळली असे समजून खूश होण्यापूर्वी, 'नाही' म्हणायची भीती त्यांना कुठून आली ते शोधावे. लहान मुलांच्या बाबतीत तर आई-वडिलांना आधी भेटून, आपण काय शिकवतो आणि का, हे त्यांच्या भाषेत सांगावे. भाषा येत नसेल तर येईपर्यंत थांबावे. शिकवण्यासारखे गणित आणि अक्षरे भरपूर आहेत.

या सेवेचे अहवाल आपल्याकडे येतात आणि त्यांतले काही मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे असते. किती मुले आली, किती वह्या वाटल्या, किती जणांना प्रार्थना पाठ झाली, असे रकाने त्यात असतात. आकडे आनंद देणारे असतात आणि पाठवणाऱ्यांचे कष्ट त्यातून दिसतात. पुढच्या वर्षी तक्ता नव्याने आखला जाईल तेव्हा त्यात आणखी एक रकाना असावा, असे मी जबाबदार कार्यकर्त्यांना सुचवले आहे: जी मुले प्रार्थनेला येत नाहीत आणि तरीही रोज शाळेला येतात, ती किती?