अर्धा तास कोणाचा?

पुण्यातल्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० च्या जुलैमध्ये पाडायला घेतला, तेव्हा शहरात टाळेबंदी होती. पुलाला पंधरा वर्षंही झाली नव्हती. पण हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोला आणि नव्या दुमजली पुलाला जागा हवी होती. त्या नव्या पुलाची पहिली बाजू वाहनांना खुली झाली ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये. या दोन तारखांच्या मधल्या काळात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी.च्या चार तुकड्या आल्या आणि गेल्या. पहिल्या तुकडीचा बराचसा अभ्यास घरूनच झाला. बाकीच्यांनी बांधकामाभोवतीच्या पत्र्यांच्या कडेकडेने वाट काढत वर्ग गाठले, परीक्षा दिल्या आणि पुलावरून एकदाही न जाता पदवी घेऊन शहर सोडलं.

धूळ एकाने खायची आणि सोय दुसऱ्याने भोगायची, यात अन्याय आहे का? लगेच ‘हो’ म्हणता येत नाही. ४११ एकरांचा हा परिसर, मुख्य इमारत, जयकर ग्रंथालय यातलं काहीच आजच्या विद्यार्थ्यांनी उभारलेलं नाही. १९४९ साली विद्यापीठ सुरू झालं तेव्हापासून प्रत्येक पिढी आधीच्यांनी करून ठेवलेलं वापरतेच आहे. मेट्रो झाली की पिंपरी-चिंचवडच्या बाजूने येणाऱ्या मुलांचा प्रवास सोपा होईल, हेही खरं. पुढच्यांसाठी थोडं सोसायला कोणाची ना नसते. फक्त सोसण्याचा वाटा कोणाच्या पदरात पडतो, हे ठरवताना त्याला कोणी विचारत नाही.

हा वाटा ठरवतं ते वेळापत्रक. पावसाळ्यात रस्ते खणता येत नाहीत. म्हणून पाऊस उघडला की ऑक्टोबरपासून खोदाई सुरू होते. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि तोवर निधी खर्ची पडायला हवा, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये कामांची झुंबड उडते. पुणे महापालिका साधारण एप्रिलअखेर खोदाई थांबवते, कारण मे महिन्यात खड्डे बुजवून पावसाआधी रस्ता धड करायचा असतो. आता याच्या शेजारी विद्यापीठाचं कॅलेंडर ठेवावं. हिवाळी सत्राच्या परीक्षा पाऊस सरल्यावर, उन्हाळी सत्राच्या पाऊस येण्याआधी. दहावी-बारावीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही वेळापत्रकं पावसाला बांधलेली, म्हणून दोन्ही हंगाम नेमाने एकमेकांवर येऊन आदळतात. यात कोणाचं कारस्थान नाही. पण जी टक्कर दरवर्षी होते, तिला अपघातही म्हणता येत नाही.

त्यातून सिमेंट काँक्रीटचा रस्ता घाई करू देत नाही. ओतलेल्या काँक्रीटची पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांनी धरतात. तोवर त्यावर ओलं गोणपाट अंथरायचं, दिवसातून अनेकदा पाणी मारायचं, आणि वाहनं अर्ध्या रस्त्यावरून सोडायची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ओतलेला पट्टा एप्रिल उजाडेपर्यंत खुला होत नाही. मधले हे चार आठवडे म्हणजे अर्ध्या शहराची परीक्षा.

परीक्षा केंद्राच्या फाटकाशी हे सगळं एका वाक्यात येतं: ‘सर, रस्ता खणलाय.’ समोर विद्यार्थिनी उभी असते. सँडल धुळीने पांढरी पडलेली, हॉल तिकीट घामाने मऊ झालेलं, ओढणी नाकावरून अजून खाली आलेली नाही. पीएमपीची बस वळवलेल्या रस्त्यात अडकली, म्हणून शेवटचे दोन थांबे ती पळत आली आहे. पेपर सुरू होऊन पस्तीस मिनिटं झालीत. नियम अर्ध्या तासाचा आहे.

हा नियम निर्दय वाटतो, पण तो उगाच केलेला नाही. पहिल्या अर्ध्या तासात हॉलमधून कोणी बाहेर जायचं नाही आणि त्यानंतर कोणी आत यायचं नाही, अशी ती जोडी आहे. प्रश्नपत्रिका पाहून बाहेर पडलेला आणि अजून आत न गेलेला, या दोघांची गाठ पडू नये एवढाच तिचा हेतू. केंद्रप्रमुखाने पाच मिनिटांची सूट दिली, तर जो पहाटे उठून दोन तास आधी निघाला त्याच्यावर अन्याय होतो. नाही दिली, तर जिने काहीच चूक केली नाही तिचं सत्र वाया जातं. निर्णय कसाही झाला तरी चूक पडते ती फाटकाशी उभ्या असलेल्या दोघांच्या पदरात. खोदाईची तारीख ठरवणारा तिथे नसतोच.

म्हणून ‘लवकर निघायला काय झालं होतं?’ हा प्रश्न जितका शहाणा वाटतो तितका तो नाही. वसतिगृहात राहणारा चालत येतो. स्वतःची दुचाकी असलेला गल्लीबोळातून वाट काढतो. लांबच्या गावाहून पहिल्या एसटीने येणाऱ्याला त्याआधीची एसटीच नसते. २०२५ च्या फेब्रुवारीत वाई तालुक्यातल्या पसरणीचा एक कॉलेज विद्यार्थी पाचगणीहून थेट पॅराग्लायडिंग करत परीक्षेला उतरला. पसरणी घाटात गाड्यांची रांग होती आणि पेपरला थोडीच मिनिटं उरली होती. तिथे कारण खोदाईचं नव्हतं, घाटातल्या कोंडीचं होतं. पाठीवर दप्तर, डोक्यावर छत्री असा तो व्हिडिओ देशभर फिरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या योग्यच होत्या. पण त्याच रांगेत आणखी कोणी परीक्षार्थी होते का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

नियम बदलता येतात, आणि निकोप राहूनही बदलता येतात, याचा दाखला राज्य मंडळानेच दिला आहे. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचायला आधी दहा मिनिटं मिळत. त्या दहा मिनिटांत पेपर मोबाइलवर फिरण्याचे प्रकार होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये ही सवलत काढून घेतली. पालक-विद्यार्थ्यांची ओरड झाल्यावर तीच दहा मिनिटं पेपरच्या शेवटी जोडून दिली. गोपनीयता राहिली आणि मुलांचा वेळही गेला नाही. कोणीतरी बसून विचार केला, एवढंच.

रस्त्याच्या बाबतीत हा विचार पैशांपुरता झालेला आहे. पुण्यात केबलसाठी रस्ता खणायचा तर खासगी कंपनीला मीटरमागे बारा हजारांहून अधिक रुपये भरावे लागतात, कारण तो पुन्हा करायला महापालिकेला खर्च येतो. फुटलेल्या डांबराची किंमत मीटरवर काढता आली. अडलेल्या माणसाच्या वेळेला मात्र एक फलक पुरतो: ‘काम चालू आहे, तसदीबद्दल क्षमस्व.’

या हिशेबात आणखी एक माणूस सुटतो. दिवसा वाहतूक अडू नये म्हणून अवजड कामं रात्री होतात. ब्रेकरच्या आवाजाने अभ्यास होत नाही म्हणून खिडकी आपटून बंद करणारा मुलगा आणि तो ब्रेकर छातीशी धरून उभा असलेला मजूर, दोघं जवळपास एकाच वयाचे असतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत शिक्षणसंस्थांभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र धरता येतं. मजुराच्या कानांभोवती असलं कसलंच क्षेत्र नाही. कायद्याने बांधकामाच्या खर्चाचा एक टक्का कामगार कल्याणासाठी घेतला जातो. नोंदणी झालेल्या कामगाराच्या मुलांना त्यातून शिक्षणासाठी मदत मिळते, पदवीच्या वर्षाला वीस हजार रुपयांपर्यंत. म्हणजे विद्यापीठासमोरच्या खड्ड्यातून दुसऱ्या कोणाची तरी परीक्षा फी निघू शकते. त्यासाठी कामगाराला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार बदलला, मुक्काम हलला की तो मिळवताना दमछाक होते. दाखल्यावर सही करायला ठेकेदाराला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटंही कोणाची तरी असतात.

परीक्षांचं वेळापत्रक लपवलेलं नसतं, ते आधीच जाहीर होतं. कुठला रस्ता कधी खणायचा याची परवानगीही लेखी असते. परवानगीवर सही करण्याआधी जवळच्या परीक्षा केंद्रांच्या तारखा पाहणं, पेपरच्या तासाभर आधी केंद्राकडे जाणारी एक बाजू मोकळी ठेवणं, आणि ऐनवेळी वाहतूक वळवावी लागली तर पोलिसांनी केंद्रप्रमुखाला तसं लेखी कळवणं, यातल्या कशालाच नवा कायदा लागत नाही. असं पत्र हाती असलं, तर केंद्रप्रमुखाला आपल्या एकट्याच्या मर्जीवर सूट द्यावी लागणार नाही. केंद्रावरच्या सगळ्यांचाच पेपर पंधरा मिनिटं पुढे ढकला, असं तो विद्यापीठाकडे मागू शकेल. खोदाईचे परवाने ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू होतील आणि हिवाळी सत्राचे पेपरही त्याच सुमारास लागतील. तोवर महापालिकेचा पथ विभाग आणि विद्यापीठाचा परीक्षा विभाग यांनी एकमेकांना एक फोन करायचा आहे. तो कोणी करायचा, हे मात्र अजून कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.