समाईक धन आणि संयमाचा धर्म

धाराशिव जिल्ह्यास समुद्र नाही. आमच्या मुलखात मासा म्हणजे तेरणा, सीना, बोरी या नद्यांवरील तलावांतला रोहू, कटला वा मृगळ. समुद्राचा मासा येतो तो बर्फात बसून, दिवसभराची वाट तुडवून. अशा कोरडवाहू प्रदेशातील माणसाने सागरी मत्स्यधनाच्या रक्षणाविषयी लेखणी उचलावी, हे पुष्कळ वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु हा प्रश्न वरून माशाचा दिसला तरी मुळात नीतीचा आहे. जे धन कोणी पेरले नाही आणि ज्यावर सर्वांचाच हक्क आहे, त्याचे बी कोणी राखावयाचे? हा प्रश्न समुद्राइतकाच आमच्या माळरानासही लागू आहे, असे आम्हांस वाटते.

आमच्याकडे बियाण्याचा धर्म लहान मुलालाही ठाऊक असतो. वर्ष कितीही वाईट गेले, घरात चूल पेटण्याची भ्रांत पडली, तरी बियाण्यासाठी राखलेल्या ज्वारीला हात लावावयाचा नाही. ही शिकवण ज्याच्या अंगी मुरली आहे, तो किनाऱ्यावरची हकीकत ऐकून कोळ्यास सहजच दोष देतो. महाराष्ट्र शासनाने 2023 साली रुपेरी पापलेटास राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरविण्यात आले. पापलेटाचे ते 135 मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा धरणे म्हणजे त्याने एकदाही अंडी घालण्यापूर्वी त्यास बाजारात आणणे, अर्थात बियाणेच शिजवून खाणे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या गणनेप्रमाणे 2019 साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी 2 लक्ष टनांच्या जवळपास होती, आणि हा आकडा त्यापूर्वीच्या 45 वर्षांतील नीचांक होता. त्या वर्षी वादळांनी नौका कित्येक दिवस किनाऱ्यास खिळवून ठेवल्या होत्या हे खरे. पण सर्वच दोष वाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

मग कोळी हा शेतकऱ्याहून नीतीने हीन म्हणावयाचा काय? आम्हांस तसे वाटत नाही. पावसाळ्यात, जेव्हा पुष्कळ जातींचा मासा अंडी घालतो, तेव्हा होडी ओढून ठेवावी आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहून मगच ती पाण्यात लोटावी, हा आचार कोळ्यांना कोणा सरकारने शिकविला नाही. सध्याची 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी ही त्या जुन्या आचाराचीच कायदेशीर आवृत्ती होय. अंतर आहे ते माणसांच्या शीलात नव्हे, धनाच्या स्वरूपात आहे. शेताला बांध असतो. शेतकरी जे बी राखतो, ते त्याच्याच मातीत उगवते. समुद्रास बांध नाही. आज एकाने जाळ्यातून सोडलेले बोटभर पापलेट उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात सापडते. म्हणजे संयम एकाचा आणि फळ दुसऱ्याचे. तेही बहुधा संयम न पाळणाराचे.

याविषयी ज्यास शंका असेल त्याने समुद्रावर न जाता आमच्याच शिवारात यावे. जो शेतकरी बियाण्याच्या ज्वारीला प्राणांतीही हात लावीत नाही, तोच शेजाऱ्याने चारशे फूट बोअर घेतली की आपण पाचशे फूट घेतो. 60 मीटरांहून खोल विहीर घेऊ नये असे 2009 चा राज्याचा भूजल कायदा सांगतो; ते शिवारात कोणाच्या गावीही नाही. भूमीखालचे पाणी हे आमचे समुद्रच होय. ते दिसत नाही, त्यास बांध नाही, आणि आपण सोडलेला घोट शेजारी पिणार हे प्रत्येकास पक्के ठाऊक असते. एकच मनुष्य कणगीपुढे संयमी आणि बोअरपुढे अधाशी असतो, तेव्हा दोष केवळ त्याच्या अंतःकरणात शोधून भागणार नाही.

एके काळी हा प्रश्नच उद्भवणार नाही अशी थोर थोर पंडितांची समजूत होती. 1883 साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात बोलताना टॉमस हक्सले यांनी कॉड, हेरिंग यांसारख्या माशांचे साठे मनुष्याच्या हातून सरणार नाहीत असा अभिप्राय दिला होता. त्या काळची साधने पाहता तो अगदीच निराधार नव्हता. परंतु याच कॉडच्या बाबतीत 1992 साली कॅनडाच्या सरकारवर न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळची मासेमारी बंद करण्याची पाळी आली. हजारो कुटुंबे एका दिवसात निरुद्योगी झाली. बंदी दोन वर्षांपुरती म्हणून घातली होती. तेथील व्यापारी मासेमारी पुन्हा मर्यादित स्वरूपात सुरू व्हावयास 2024 साल उजाडले. बियाणे खाल्ल्यावर उपास किती वर्षे काढावा लागतो, याचे हे गणित आहे.

यावर उपाय दोनच, असे पुष्कळ काळ मानले जाई: एक तर समाईक धनाची खाजगी वाटणी करावी, नाही तर सरकारने दंडा उगारावा. आपल्याकडे दुसरा मार्ग पत्करला गेला. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. 2016 साली पर्ससीन जाळ्यांच्या नौकांना राज्याच्या हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबर हे चारच महिने मोकळे ठेवण्यात आले. 2017 साली प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्यास केंद्र सरकारने मनाई केली. 2021 च्या दुरुस्तीने दंड लक्षांच्या घरात गेला. कागदावर यात फारसे उणे काढता येत नाही. पण नियमाची नैतिक शक्ती त्याच्या शब्दांत नसते. तो सर्वांवर सारखा चालतो, या विश्वासात ती असते. लहान होडीवाल्याने जाळ्याचे आस मोजून घ्यावेत आणि रात्री क्षितिजावर बंदी असलेले दिवे झगमगताना पाहावेत, अशी स्थिती असेल, तर कायदा त्यास संयम शिकवीत नाही; संयम हा दुबळ्यांनीच पाळावयाचा असतो, एवढेच शिकवितो.

तिसरा मार्ग आहे, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने 1990 साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी तुर्कस्तानातील अलान्या येथील कोळ्यांचे उदाहरण दिले आहे. तेथे मासेमारीच्या जागांची यादी करून हंगामाच्या आरंभी चिठ्ठ्या टाकीत, आणि मग प्रत्येक नौका दररोज एकेक जागा पुढे सरके. चांगली जागा आज ना उद्या प्रत्येकास मिळे. आणि दुसऱ्याच्या जागेत घुसणारास ओळखण्यास पोलीस लागत नसे, कारण ज्याची पाळी असे तोच पहारेकरी. इतक्या दूर जावयास नको. आमच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचे गावाने ठरविले, आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची वहिवाट पाडली. तेथील माणसे जन्मतः साधू आहेत असे नव्हे. आपण सोडलेले पाणी शेजारी चोरणार नाही, ही खात्री त्यांनी एकमेकांस दिली, इतकेच.

यावरून आम्हांस जो सिद्धान्त निघतो असे वाटते तो हा: समाईक धनाविषयी संयमाची मागणी करण्याचा अधिकार त्यालाच, जो त्या संयमाची हमी देतो. गरीब खलाशास दोन महिने घरी बसवावयाचे असेल, तर त्याने सोडलेला मासा अधिक बलवान नौकेने लुटू नये, हे पाहणे शासनाचे आद्य कर्तव्य ठरते. आमच्या तलावांचेही तेच. मासेमारीचा ठेका संपत आला आणि पुढच्या वर्षाची शाश्वती नसली, म्हणजे भोयाने बोटभर पिल्ले तलावात का ठेवावी? त्यास उपदेश करण्यापूर्वी त्याचे पुढचे वर्ष त्याला दिले पाहिजे.

तर मग हमी मिळेपर्यंत प्रत्येकाने लुटीत सामील व्हावे काय, असे कोणी विचारील. जो पोटासाठी जाळे टाकतो त्यास या प्रश्नाचे उत्तर देण्याचे धारिष्ट आम्हांस होत नाही. पण जो पोटासाठी नव्हे, जिभेसाठी विकत घेतो, त्याची गोष्ट निराळी. किमान आकाराहून लहान पापलेट नाकारल्याने आमची चूल विझत नाही. आणि ज्याचा संयम इतका स्वस्त आहे त्याने तरी दुसऱ्याची वाट पाहू नये. बर्फात बसून आमच्या बाजारी आलेला तो बोटभर मासा हे कोणाच्या तरी कणगीतले बियाणे आहे. कणगीचा धर्म आम्हांस कोणी नव्याने शिकवावयास नको. तो फक्त आमच्या बांधाच्या पलीकडेही लागू आहे, एवढेच ओळखावयाचे राहिले आहे.