नुकसान आणि निकड

२०२० साली महामारीमुळे बाजार कोसळले, तेव्हा अमेरिकेच्या केंद्र सरकारने शेतकऱ्यांना थेट देण्यासाठी १६ अब्ज डॉलर राखून ठेवले. ग्रामीण काउंटीच्या कृषी कचेरीत मदतीचे माप एकच होते : गुरे किती, धान्य किती. व्यक्तीमागे कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर. ज्याचा गोठा मोठा, त्याचे नुकसान मोठे. म्हणून मदतही मोठी. शेतमजुराचे स्वतःचे पीकच नव्हते. त्यामुळे या योजनेत त्याला स्थान नव्हते. मालक बुडाला तर मजुराचीही रोजी बुडते, हे खरे. पण मालकाकडून पाझरेल ती आशा; हक्क नव्हे. नुकसानीचे माप मालमत्ता, निकडीचे माप चूल. केवळ पहिलेच माप लावणाऱ्या व्यवहारास भरपाई जरूर म्हणावे. साह्य म्हणण्यास आमचे मन धजत नाही.